एनबीए: ऑल-स्टारची (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याची) सुट्टी लागली, आता उरलेल्या हंगामात कुणाला धरून बसू?

पहाटपाखरू (१५ फेब्रुवारी २०२५)

ऑक्टोबरपासून कामाच्या रगाड्यात यंदाचं एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) पार सुटलं. लुका डॉन्चिच लेकर्सकडे गेला एवढी एकच बातमी पोचली, तीही ज्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही अशा लोकांनी ग्रुपवर टाकली म्हणून. आता लीग पास (सामने बघायची वर्गणी) घेतोय. बहुतेक टीमचे अजून सत्तावीस-अठ्ठावीस सामने शिल्लक आहेत, पण माझ्याकडे वेळ आठवड्याला दोन, फार तर तीन सामन्यांचा. आठला लेकीला शाळेत सोडायचं, साडेनऊला ऑफिसची मीटिंग.

तर दोन टीम सुचवा. गुणतक्ता मलाही वाचता येतो, त्यामुळे नुसती नावं नकोत; का बघायचं ते सांगा. आणि एमव्हीपीचा, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, निकाल लागल्यात जमा आहे का?

बॅकबोर्ड बंड्या (१५ फेब्रुवारी)

ओक्लाहोमा आणि क्लीव्हलँड. दोघंही ४४-१० (विजय-पराभव) वर आहेत, म्हणजे गुणतक्त्यातलीच नावं झाली, पण माझा नाइलाज आहे. यंदा तक्ता खोटं बोलत नाहीये.

ओक्लाहोमाचा सामना लावलास की पहिल्या क्वार्टरमध्ये बॉल कुठे जातोय ते बघूच नकोस. हात बघ. लू डॉर्ट समोरच्या गार्डला (बॉल खेळवणाऱ्याला) हाफ कोर्टच्या आधीच चिकटतो. तो सुटला तर अॅलेक्स करूसो, त्याच्या मागे केसन वॉलेस, बाजूला जेलन विल्यम्स. पासच्या वाटेत कुणाचा ना कुणाचा हात असतोच. कबड्डीत साखळी करून रेडरला कोपऱ्यात ढकलतात तसं बॉलवाल्याला साइडलाइनकडे दाबत नेतात. लीगमधला सर्वात कडक डिफेन्स यांचा, आणि समोरच्याच्या हातून बॉल सोडवण्यातही हेच पुढे. शे गिल्जस-अलेक्झांडर सामन्याला बत्तीसच्या वर गुण करतो, जानेवारीत युटाविरुद्ध ५४ मारले, पण ही टीम जिंकते ती त्या हातांमुळे.

हे एका रात्रीत झालेलं नाही. मागच्या वर्षी प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत डॅलसने यांना ४-२ ने घरी पाठवलं, आठवतंय? तेव्हा जॉश गिडीला डॅलसवाले बाहेर मोकळा सोडत होते, मार म्हणत होते. त्याला राखणारा माणूस आत जाऊन रिंगजवळ गर्दी करायचा. जूनमध्ये ओक्लाहोमाने गिडी शिकागोला दिला आणि सरळ करूसो घेतला. न्यूयॉर्कहून हार्टेनस्टाइन आणला. नोव्हेंबरमध्ये चेट होमग्रेनचं खुब्याचं हाड मोडलं, तो थेट ७ फेब्रुवारीला परतला. म्हणजे ४४ पैकी बहुतेक विजय त्याच्याविना. तो आणि हार्टेनस्टाइन एकत्र कसे खेळतात ते आता कुठे दिसायला लागलंय, आणि उरलेल्या हंगामात मला सर्वात जास्त उत्सुकता त्याचीच आहे.

क्लीव्हलँडकडे डोळ्यांना सुख आहे. पहिले १५ सामने सलग जिंकले, मग बॉस्टनने रोखलं. नवा कोच केनी अॅटकिन्सन आला आणि त्याने डोनोव्हन मिचेलची मिनिटं कमी केली. स्टारला कमी खेळवून टीम सुधारली, असं फार वेळा दिसत नाही. डॅरियस गार्लंड मोकळा झाला, एव्हन मोबली आता बॉल घेऊन स्वतः वर येतो. माझी शंका एकच. मिचेल आणि गार्लंड दोघंही चणीने लहान, प्लेऑफमध्ये समोरचे दर वेळी त्यांनाच गाठणार. खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी डीआंड्रे हंटरला घेतला तो त्यावरचाच उतारा. पुरेल का, ते मेमध्ये कळेल.

घाईघाईत बाकीचे: फिनिक्समध्ये ड्युरँट, बुकर, बील अशी तीन मोठी नावं आणि निम्म्याहून जास्त पराभव. सोडून दे. फिलाडेल्फियाही सोड, एम्बीडचा गुडघा बरा होईपर्यंत तिथे काही नाही.

सातारी तडका (१६ फेब्रुवारी)

बंड्याशेठ, गतविजेते कुठे गेले तुमच्या यादीतून? बॉस्टन ३९-१६ आहे, पॉर्झिंगिस नोव्हेंबरअखेर परतलाय, अख्खा पाच जणांचा संच तोच आहे. फेब्रुवारीत जोर लावायची त्यांना गरजच नाही. मेमध्ये क्लीव्हलँडला मागच्यासारखं ४-१ ने गुंडाळतील तेव्हा या धाग्याची लिंक पाठवीन.

बॅकबोर्ड बंड्या (१६ फेब्रुवारी)

तडकाभाऊ, बॉस्टन चांगलीच टीम आहे, पण माणसाला आठवड्याला दोन सामने बघायचेत! त्यांचे निम्म्याहून जास्त शॉट थ्रीचे, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे. पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कविरुद्ध २९ थ्री मारून विक्रमाची बरोबरी केली, आणि मग तिसाव्यासाठी एकामागून एक १३ हुकवले. सामना कधीच खिशात होता, तरी बाहेरून मारतायत आपले. थ्री पडत असले की सामना दुसऱ्या क्वार्टरला संपतो, नसले पडत तर जांभया. जिंकतील कदाचित, बघवत नाहीत.

फ्रीमाँटचा बाळ्या (१७ फेब्रुवारी)

काल ऑल-स्टार आमच्या सॅन फ्रान्सिस्कोतच झाला. चार टीम, ४० गुणांपर्यंतचे छोटे सामने, मध्ये मध्ये इतका गप्पाटप्पांचा रतीब की खेळ शोधावा लागत होता. त्या सामन्यांचा एमव्हीपी करीला दिला, घरचं कार्य म्हणून गोड मानून घेतलं.

मी वॉरियर्सवाला (इथली टीम, करीची), तेव्हा हिशेबात धरून वाचा. जिमी बटलर आल्यापासून इथली हवा बदलली आहे. मायामीने जानेवारीत त्याला पुन्हा पुन्हा निलंबित केलं, कारण भांडण कराराचं होतं. खेळ अजून शाबूत आहे. फाऊल काढणं, फ्री थ्रो, शेवटच्या पाच मिनिटांत डोकं थंड ठेवणं, नेमकं हेच करीच्या आजूबाजूला नव्हतं. विजेते होतील असं मी म्हणत नाही. पण पहिल्या फेरीत आमच्याशी गाठ पडू नये असं वरच्या टीमना वाटेल.

लेकर्सच्या नादी मात्र लागू नका. लुका आणि लेब्रॉन एकत्र, ठीक आहे, पण लुकाच्या बदल्यात अँथनी डेव्हिस डॅलसला दिल्यावर मधे, रिंगजवळ, उभा राहणार कोण? शार्लटचा मार्क विल्यम्स घेतला, वैद्यकीय तपासणीनंतर तो सौदाच रद्द केला. आता सगळी भिस्त जॅक्सन हेजवर. डॅलसची तर त्याहून वाईट गत. डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ गुण, १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) करून जखमी झाला.

सातारी तडका (१८ फेब्रुवारी)

एमव्हीपीचं कुणी बोललंच नाही. माझं मत डेन्व्हरचा योकिच. तिशीच्या आसपास गुण, बारा-तेरा रिबाउंड, दहा असिस्ट (गुण मिळवून देणारे पास). हंगामभर ट्रिपल-डबलची (या तिन्हींत दहा किंवा जास्त) सरासरी या हंगामाआधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन आणि वेस्टब्रूकला जमली, दोघंही गार्ड. हा सेंटर, रिंगजवळचा! आणि तो वेस्टब्रूक आता याच्याच टीममध्ये.

बॅकबोर्ड बंड्या (१८ फेब्रुवारी)

खेळाडू म्हणून योकिच सर्वात मोठा, यात वाद नाही. पण त्याच्याकडे तीन एमव्हीपी आहेत, आणि मत देणारे ४४-१० कडे बघणार. शेला मिळेल. फाऊल काढायची त्याची सवय मलाही खटकते, हलका धक्का लागला की मान मागे टाकतो. तरी तो मधल्या अंतरावर खच्चकन थांबतो ना, समोरचा पुढे निघून जातो आणि हा आरामात उडी मारतो, ते एकदा स्लो मोशनमध्ये बघच.

फ्रीमाँटचा बाळ्या (२१ फेब्रुवारी)

वाईट बातमी. सॅन अँटोनियोच्या वेंबन्यामाच्या उजव्या खांद्यात रक्ताची गाठ सापडली, उरलेला हंगाम बंद. सामन्याला जवळपास चार ब्लॉक (अडवलेले शॉट) होते पोराचे. पुरस्कारासाठी किमान ६५ सामने खेळायची अट असल्यामुळे सर्वोत्तम डिफेन्डरचा पुरस्कारही गेला. नुकताच डीअॅरन फॉक्सला आणला होता सॅन अँटोनियोने, जोडी नीट बघायलाही मिळाली नाही.

पहाटपाखरू (२२ फेब्रुवारी)

सगळ्यांचे आभार. ओक्लाहोमा नक्की. घरचे सामने आपल्याकडे साडेसहाला सुरू होतात, शाळेच्या आधी तीन क्वार्टर निघतात. दुसरी टीम मात्र तुमचं न ऐकता डेट्रॉइट घेतोय. गेल्या वर्षी १४-६८, आणि आता सुट्टीपर्यंत २९-२६! कालपासून केड कनिंगहॅमचे जुने सामने बघतोय, बाकी काही सुचत नाही.

बॅकबोर्ड बंड्या (२२ फेब्रुवारी)

डेट्रॉइटला माझी हरकत नाही. क्लीव्हलँडने काढून टाकलेला बिकरस्टाफच तिथे कोच आहे. घटस्फोट दोघांनाही मानवला. जेडन आयव्हीचा पाय १ जानेवारीला मोडला तरी टीम ढेपाळली नाही, हे विशेष.

फक्त एक लक्षात ठेव. ९ मार्चला तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे तुझा साडेसहाचा सामना साडेपाचला. त्याच दिवशी डेन्व्हर ओक्लाहोमात आहे, लगेच १० तारखेला पुन्हा. शे आणि योकिच, सलग दोन. पहिला तिकडे भर दुपारी आहे, म्हणजे आपल्याकडे रविवारची रात्र. गजर न लावता बघता येईल.