पेलेट ग्रिल: पिशवीवरच्या लाकडाच्या नावाला किती पैसे मोजायचे?

निवांत_नाना (ऑस्टिन)

उन्हाळा लागला की इथल्या मराठी मंडळींच्या गटावर दोनच विषय चालतात. गणपतीच्या नाटकाला हॉल कुठला आणि ग्रिलमध्ये पेलेट्स कुठल्या. पहिल्यावर मी तोंड उघडत नाही. दुसऱ्यावरचं मत इथे मांडतो, म्हणजे सगळ्यांना एकदाच भांडून घेता येईल.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांच्यासाठी: दाबलेल्या भुशाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि बोटाच्या पेराएवढ्या कांड्या हॉपर नावाच्या डब्यात ओतायच्या. खालचा स्क्रू, म्हणजे ऑगर, त्या थोड्या थोड्या पुढे ढकलतो. वाटीएवढ्या फायरपॉटमध्ये त्या पेटतात, पंखा वारा घालतो आणि कंट्रोलर तापमान राखतो. ओरेगनमधल्या माउंट एंजलच्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात हे काढलं. २००६ मध्ये पेटंट संपलं आणि पेलेट ग्रिलच्या कंपन्या गल्लोगल्ली झाल्या. त्यांच्या मागोमाग पेलेट्सच्याही.

माझं म्हणणं असं, की हिकरी, ॲपल, चेरी, पेकान ही नावं बरीचशी जाहिरात आहे. स्वस्तातली, ओकवाली, कोरडी, कमी भुशाची पिशवी घ्या आणि उरलेले पैसे मांसाला लावा. पिशवीवर ‘ॲपल ब्लेंड’ लिहिलेलं असतं तेव्हा आत बहुतेक ओक असतो, अमेरिकेच्या वायव्येकडे बनलेली असेल तर आल्डर. सफरचंदाचं लाकूड किती, हे सहसा कुठेच छापलेलं नसतं. असणार कुठून? पेलेट म्हणजे भुसा, आणि भुसा येतो फ्लोअरिंग नि फर्निचरच्या गिरण्यांमधून. सफरचंदाच्या लाकडाची फरशी कुणी पाहिलीय का?

आणि हो, आमच्या मध्य टेक्सासात लॉकहार्टपासून ऑस्टिनपर्यंत पोस्ट ओकच जाळतात, कारण तोच आजूबाजूला उगवतो. दक्षिणेला मेस्कीट, कॅन्सस सिटीकडे हिकरी, सिॲटलला सामनखाली आल्डर. जे दारात होतं ते लोकांनी जाळलं. ‘कुठल्या मांसाला कुठलं लाकूड’ असे तक्ते नंतर आले, दुकानातून.

खमंग

नानांशी साफ असहमत.

‘ब्लेंड’मध्ये फसवणूक असते, मान्य. पण म्हणून लाकडाला चव नसते हे कसं काय सिद्ध झालं? उलट त्यातून एवढंच निघतं की ब्लेंड घेऊ नका. ज्या पिशवीवर ‘१०० टक्के हिकरी’ असं स्वच्छ छापलंय ती घ्या. ‘हिकरी फ्लेवर’ लिहिलेली दिसली की जागेवर ठेवा, त्यात तेलाचा वास मारलेला असू शकतो.

पैशाचंही गणित मांडू या. २२५ फॅरनहाइटला ताशी अर्धा किलोच्या आसपास पेलेट्स जातात. पोर्क शोल्डरला दहा-बारा तास धरले तरी वीस पौंडांच्या पिशवीतली अर्धीअधिक संपते. महागातली पिशवी घेऊन एका बेतामागे पाच-सात डॉलर जास्त गेले तर कुणाचं घर बुडणार आहे? नाना, तुमच्या पोर्कला लावलेल्या रबची, म्हणजे चोळायच्या कोरड्या मसाल्याची, बाटली त्याहून महाग असेल.

अर्धवट_रसायनी

दोघांच्या मध्ये पडतो. मार दोन्हीकडून खाईन.

धुराचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः लाकडातलं लिग्निन तुटून येणाऱ्या ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल या संयुगांचा. पाइनसारख्या मऊ लाकडाच्या धुरात सिरिंगॉल जवळपास नसतंच. ओक, हिकरी, मेपल या कठीण लाकडांत दोन्ही असतात. म्हणजे पाइन आणि ओक यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण ओक आणि हिकरी एकाच घरातले. फरक आहे, छोटा आहे.

त्याहून मोठा फरक पडतो आग कशी जळते त्याने. पेलेट ग्रिलला भरपूर हवा मिळते, लाकूड कोरडं असतं, त्यामुळे ज्वलन स्वच्छ होतं आणि चव देणारी संयुगंच बरीचशी जळून जातात. म्हणून ओंडके जाळणाऱ्या स्मोकरपुढे आपला धूर सौम्य. १८० ते २२५ला आग लहान राहते, मध्येमध्ये धुमसते, तेव्हा जो काय धूर मिळायचा तो मिळतो. ४०० ला कुठलंही लाकूड घाला, तो फक्त ओव्हन आहे. धूर हवा असेल तर मांस फ्रिजमधून काढून थेट ठेवा, गार आणि ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त बसतो.

आणि आतल्या गुलाबी कडेचे फोटो टाकून ‘बघा किती धूर लागला’ म्हणणाऱ्यांनो, ती स्मोक रिंग म्हणजे धुरातलं नायट्रिक ऑक्साइड आणि मांसाला लाल रंग देणारं मायोग्लोबिन यांची भानगड आहे. चवीशी तिचा संबंध नाही.

ह्यूस्टनचा_बाप्या

तुम्ही सगळे चवीत अडकलात राव. ह्यूस्टनला येऊन राहा मग कळेल पेलेट निवडायची म्हणजे काय ते.

इथली हवा घामट. पिशवी गॅरेजमध्ये उघडी ठेवली की पेलेट ओलावा पितात, फुगतात आणि पुन्हा भुसा होतात. हॉपरमध्ये राहिल्या तर ऑगरमध्येच. पावसाळी आठवड्यानंतर माझा ऑगर असा बसला की नळीत सिमेंट ओतल्यासारखा. मोटर काढून, लांब स्क्रूड्रायव्हरने टोचून टोचून लगदा बाहेर काढला, शनिवार त्यातच गेला.

तेव्हापासून दुकानात मी नाव वाचतच नाही. पिशवी उचलून खालचा कोपरा चाचपतो. तळाशी मऊ, पिठासारखं लागलं तर ती पिशवी तिथेच. घरी आल्यावर एक कांडी मोडून बघायची: कट्कन तुटली पाहिजे, अंगावर चकाकी पाहिजे. वाकली किंवा चुरा झाली तर परत. चांगल्या निघाल्या की सरळ रबरी कडेच्या झाकणाच्या बादलीत. पाच गॅलनच्या बादलीत साधारण वीस पौंड मावतात.

भुशाची पिशवी वापरलीत तर तापमान वरखाली नाचतं, कधी आग विझते. विझली तर लगेच परत चालू करू नका! फायरपॉटमध्ये न जळलेल्या पेलेट्सचा ढीग साठलेला असतो, तो एकदम पेटला की पांढऱ्या धुराचा लोट आणि वर झाकण उडवणारा धडाका. आधी भांडं रिकामं करा.

पोपटीवाला (एडिसन, मूळ अलिबाग)

नानांना +१. आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. जाळाला पेंढा घ्या, गवत घ्या, वाळक्या काटक्या घ्या, आजवर कुणी विचारलेलं नाही. चव भांबुर्ड्याची. सरपणाला चव असती तर आमच्या आज्जीने सांगितलं असतं.

खमंग

@पोपटीवाला, आज्जींना नमस्कार, पण पोपटीचं मडकं तोंडाशी पाल्याने गच्च बंद असतं. बाहेरचा धूर आत जातोच कुठे? ग्रिलमध्ये पंखा धूर मांसावरूनच फिरवतो. उलट तुम्ही माझीच बाजू मांडलीत. भांबुर्ड्याऐवजी पालकाची पानं घालून बघा, मग सांगा कुठल्या पाल्याने फरक पडतो की नाही.

पोपटीवाला

पालक?? ताई, हे वाचून गावचे लोक माझं नाव पोपटीच्या यादीतून काढतील.

कोळसेखाऊ

बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यात स्वयंपाक करणारे लोक लाकडावर चर्चा करतायत हे वाचून करमणूक झाली. कोळसा घ्या, वर हिकरीचे दोन ढलपे टाका. विषय संपला.

(काडी टाकून पळतो.)

निवांत_नाना

@कोळसेखाऊ, बॅटरीवर नाही, विजेवर चालतं. पळताना वायरीत पाय अडकवू नका.

@खमंग, ‘१०० टक्के’ घेतलं तरी सगळा प्रश्न सुटत नाही. एक तर साल. काही कंपन्या अख्खा ओंडका सालीसकट दळतात, काही साल काढतात. सालीत खनिजं जास्त, राख जास्त. चवही वेगळी लागते असं काही जण शपथेवर सांगतात. मग तुम्हाला जो फरक लागतो तो हिकरीचा की सालीचा? दुसरं म्हणजे तुमची ती प्रिय चेरी. बाजारातली बरीचशी चेरी म्हणजे फर्निचरला लागणारी जंगली ब्लॅक चेरी, फळबागेतली नव्हे. पिशवीवर मात्र लालभडक फळांचा घोस!

आणि खरं सांगा, आपल्यातले किती जण नुसतं मीठ-मिरी लावून भाजतात? आलं-लसूण, दही, काळा मसाला चोपडायचा, त्यात वर कसुरी मेथी, आणि मग म्हणायचं, ‘चेरीची गोडसर छटा जाणवली.’ कोल्हापुरी मसाल्याखाली तुम्हाला चेरी जाणवली असेल तर तुम्ही चहा चाखणाऱ्यांच्या कंपनीत नोकरी करायला हवी.

सिॲटलची_सुगरण

नानांचं मसाल्याचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यातूनच ते हरतात. चाचणीच चुकीच्या पदार्थावर घेतली तर फरक कळणार कसा?

अंडी घ्या. उकडून, सोलून, नुसतं मीठ. १८० ला अर्धा तास ठेवा. एकदा ॲपल, एकदा मेस्कीट. अंडी बदामी रंगावर येतात. ॲपलचं अंडं मऊ, थोडं गोडसर लागतं. मेस्कीटचं जिभेच्या मागच्या बाजूला कडवट टोचतं. आमच्याकडे सासूबाईंना न सांगता दोन्ही वाढली. त्यांनी एक खाल्लं, दुसरं बाजूला सारून म्हणाल्या, ‘हे जळकं आहे का गं?’ त्यांना मेस्कीट म्हणजे काय हेही माहीत नाही.

पनीरचंही तसंच, चरबी धूर पटकन पिते. पनीरला मी ग्रिल तापवतच नाही. भोकांच्या स्टीलच्या नळीत पेलेट्स भरून एक टोक टॉर्चने पेटवते, ज्योत विझवते. नळी तासन्‌तास नुसती धुमसत राहते. ग्रिलच्या आगीत लाकडाचं नाव हरवत असेलही, नळीच्या धुरात नाही हरवत. ॲपल तिथे वापरा, आणि ग्रिलला नानांचा ओक घाला हवा तर.

अवांतर: मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, प्रोसोपिसच. तिकडे तिचा कोळसा पाडतात, इकडे तिच्या भुशाला सोन्याचा भाव.

अर्धवट_रसायनी

नळीचा मुद्दा एकदम पटला. तिथे हवा कमी आणि आच मंद, त्यामुळे संयुगं जळून न जाता धुरात येतात. नाना, याला उत्तर द्या.

नवशिक्या_प्लेनो

मंडळी, हार्डवेअरच्या दुकानात शेकोटीच्या स्टोव्हसाठीच्या पेलेट्सची चाळीस पौंडांची पिशवी अगदी स्वस्तात दिसली. दिसायला सेम टु सेम. श्रावणाच्या आधी दोन-चार बेत उरकायचेत. घेऊ का?

ह्यूस्टनचा_बाप्या

नाही!!!

निवांत_नाना

नाही. इथे माझा कंजूषपणाही थांबतो. त्या घर तापवायला केलेल्या असतात, त्यात पाइन, फर असं राळेचं लाकूड चालतं, आणि भुसा कुठून आला, त्यात गोंद-रंगाचं लाकूड होतं का, हे खाण्याच्या हिशेबाने कुणी बघितलेलं नसतं. राळेचा काळा धूर कोंबडीवर बसवून पाहुण्यांना वाढणार का? स्वयंपाकासाठीच्या, पूर्ण कठीण लाकडाच्या घ्या. पहिली पिशवी ओक.

खमंग

पहिली पिशवी हिकरी, १०० टक्के. कोंबडीच्या तंगड्यांना फक्त मीठ, मिरी आणि थोडं तिखट लावा. दुसऱ्या रविवारी नानांचा ओक. लाकूड बदलताना हॉपर रिकामा करा, नाहीतर ऑगरमध्ये राहिलेलं जुनं संपेपर्यंत अर्धा तास तरी तेच जळत राहतं आणि मग नाना म्हणणार, बघा, फरक नाही पडला.

निवांत_नाना

म्हणणारच. पण तंगड्या डोळे बांधून खायला द्यायच्या, आणि पिशवी कुणी उचलली हे खाणाऱ्याला माहीत नसलं पाहिजे. @सुगरण, तुमच्या सासूबाईंचं मत मी धरतो, पण ते मेस्कीटविरुद्ध आहे. ओक आणि हिकरीची अंडी त्यांच्यापुढे ठेवा.

सिॲटलची_सुगरण

ठेवते. मात्र येत्या रविवारी नाही, संकष्टी आहे.