भाड्याच्या घरात स्वतःच्या खर्चाने कामं करायची आहेत, करारात काय लिहून घ्यावं?

वारजे_पूल

नमस्कार. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतोय. इमारत साधारण वीस वर्षांची. भाडं 22,000, डिपॉझिट 80,000, करार 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. टोकन दिलंय, नोंदणी पुढच्या आठवड्यात आहे.

घरात गिझर नाही, खिडक्यांना मच्छरजाळी नाही, ओट्याखाली नुसते कडाप्प्याचे कप्पे आहेत आणि बेडरूममध्ये एसीचा पॉइंट नाही. मालक म्हणतात, "तुम्हाला हवं ते करून घ्या, माझी हरकत नाही, पण खर्च तुमचा. नंतर बघू काय ते." हे "नंतर बघू" मला नको आहे. कुठल्या कामात स्वतःचे पैसे घालावेत, कुठल्या कामाचे मालकांकडे मागावेत आणि करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

करारनामा

नोंदणी व्हायची आहे ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. सही झाल्यावर मालकाला एक ओळही वाढवायची गरज उरत नाही, म्हणून जे काही आहे ते या आठवड्यात ठरवा.

प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: घर सोडताना ही उचलून पुढच्या घरात लावता येईल का? गिझर, एसी, पंखे, वेल्क्रोची जाळी उचलता येते, त्यामुळे ती तुमची आणि खर्चही तुमचा. वायरिंग, नळाची लाइन, खिडकीच्या मापाची अ‍ॅल्युमिनियम जाळी भिंतीतच राहते. तिचा उपयोग पुढच्या प्रत्येक भाडेकरूला होणार, म्हणून तो खर्च मालकाने करावा किंवा वाटून घ्यावा. ओलीच्या भिंतीवर मात्र स्वतःचा एक रुपयाही घालू नका. ओल बंद न करता पुट्टी-रंग मारला की पहिल्या पावसाळ्यात पोपडे निघतात. गळती वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतेय की बाहेरच्या पाइपातून, यावर ती वरच्या सभासदाची की सोसायटीची हे ठरतं, आणि त्यासाठी सोसायटीला पत्र मालकानेच द्यायचं असतं.

करारात असं कलम टाका (यात लायसन्सी म्हणजे घर घेणारे तुम्ही):

"लायसन्सी स्वखर्चाने पुढील वस्तू बसवील: (यादी, कंपनी, क्षमता). या वस्तू लायसन्सीच्या मालकीच्या राहतील व जागा सोडताना तो त्या काढून नेईल. भिंतीतील भोके बुजवून त्या जागी रंगाचा हात देण्यापलीकडे त्याच्यावर जबाबदारी राहणार नाही. पुढील कामे जागेतच राहतील: (यादी व खर्च). या खर्चाची परतफेड खाली दिल्याप्रमाणे होईल."

आयत्या मसुद्यात बहुधा "लायसन्सी जागेत कोणताही बदल करणार नाही" असं वाक्य असतं. ते तसंच राहिलं तर वरचं कलम आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. त्यापुढे "वर नमूद केलेली कामे वगळून" एवढं घालून घ्या.

शिवाय 11 महिन्यांच्या करारावर भिंतीत पैसे घालणं मला पटत नाही. निदान 24 महिन्यांचा करा. मुद्रांक शुल्काचा हिशेब असा: भाडं तेच धरलं तर भाड्याचे 5,28,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज धरून 16,000, एकूण 5,44,000. त्यावर 0.25 टक्के म्हणजे 1,360 रुपये मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत 1,000 नोंदणी फी. दरवर्षी नवा करार करत बसण्यापेक्षा हे स्वस्तच पडतं. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंनी बांधून घ्या. फक्त भाडेकरूलाच लॉक-इन असेल तर मालक एका महिन्याच्या नोटिशीवर तुम्हाला उठवू शकतो आणि केलेला खर्च तिथेच राहतो.

वायरमन_चिंचवड

विजेचं सांगतो. वीस वर्षांच्या इमारतीत बाथरूममधला पॉइंट बऱ्याचदा 6 अँपिअरचा असतो, मागे 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर. दोन किलोवॉटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्या सॉकेटला तो लावला की आधी पिन काळी पडते, मग सॉकेट वितळतं. बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, 16 अँपिअरचं सॉकेट आणि 16 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवाच. दीड टनाच्या एसीला 4 चौरस मिलिमीटर वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी घ्या. भिंत फोडू नका, पीव्हीसी केसिंगपट्टीतून लाइन ओढा. दिसायला थोडं उणं, पण काढताना स्क्रूची भोकं तेवढी राहतात आणि मालकाशी वाद होत नाही.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, अर्थिंग. फेज आणि अर्थ यांच्यात मीटरवर फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज यायला हवं. येत नसेल तर गिझर लावूच नका, आधी अर्थिंग, आणि ते काम मालकाचं. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगा. दुसरी, महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार. गिझर आणि एसी दोन्ही येणार असतील तर तो वाढवावा लागू शकतो. मीटर मालकाच्या नावावर असल्याने अर्जही त्यांचाच लागतो.

गिझर टांगताना भिंत कसली आहे ते पाहा. पंधरा लिटरचा गिझर भरल्यावर पंचवीस किलोच्या आसपास जातो. विटांच्या भिंतीत सोबत येणारे फास्टनर चालतात. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ते हळूहळू सुटतात, तिथे लांब नायलॉन प्लग किंवा आरपार बोल्ट लागतो. भोक शक्यतो टाइल्सच्या सांध्यावर पाडा आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते आणि तिचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. तसल्या टाइल आता बाजारात मिळतही नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्ह गार पाण्याच्या बाजूलाच येतो. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये बंद करायचा कॉक कधीही लावू नका, दाब निघायला वाट राहत नाही.

एसी काढून नेताना कॉपर पाइप नुसता कापू देऊ नका. आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला लावा: कूलिंग चालू ठेवून बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, थोड्या वेळाने जाड पाइपाचा बंद, मग लगेच एसी बंद. हे केलं नाही तर नव्या घरी पूर्ण गॅस भरण्याचा भुर्दंड.

वारजे_पूल

दोघांचेही आभार. 24 महिन्यांना मालक तयार आहेत. ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या आहेत, सुताराने 18,000 सांगितले. त्यासाठी कडाप्प्याचे मधले कप्पे काढावे लागतील म्हणतो. मालकांचं म्हणणं, पैसे भाड्यातून कापून घ्या. ठीक आहे का?

सुतारकाम_सल्ला

आडवा कप्पा आणि उभा कडाप्पा यात फरक आहे, आणि तो सुताराकडून आधी स्पष्ट करून घ्या. आडवे कप्पे फक्त सामान ठेवायला असतात, काढले तरी ओट्याला काही होत नाही. उभे कडाप्पे ओट्याचा ग्रॅनाइट पेलतात. रुंद ट्रॉली बसावी म्हणून मधला उभा काढला की ग्रॅनाइट अधांतरी राहतो आणि सिंकच्या कापाजवळ, जिथे दगडाची पट्टी अरुंद असते, तिथून तडा जातो. भाड्याच्या घरात नव्या ओट्याचा खर्च कुणालाच परवडत नाही. ट्रॉल्या उभ्या कडाप्प्यांच्या मधल्या मापाच्या करून घ्या. ते माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी घ्यायला लावा, कारण जुने कडाप्पे ओळंब्यात नसतात आणि चॅनेल तिरकं बसलं की ट्रॉली अडकते.

ट्रॉल्या एका घरच्या दुसऱ्या घरी बसत नाहीत, म्हणून त्या राहणाऱ्या कामांच्या यादीत घाला. काढलेले कप्पे मालकाला हवे आहेत का तेही विचारून लिहा.

जाळीचं राहिलं. खिडकी तीन ट्रॅकची असेल आणि एक ट्रॅक मोकळा असेल तर जाळीचं शटर करून घ्या, वर्षानुवर्षं टिकतं. दोन ट्रॅकची असेल तर वेल्क्रो. फ्रेम स्पिरिटने पुसून, कोरड्या हवेत चिकटवा. ओलसर फ्रेमवर पट्टी धरत नाही.

दादर_चाळ

एवढं मागायचं कशाला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14 प्रमाणे दुरुस्ती मालकाचं कर्तव्य आहे. 15 दिवसांची नोटीस द्या, काम करा, भाड्यातून वळते करा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत चालतं.

करारनामा

कलम बरोबर, पण ते भाडेकरूसाठी आहे. पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) आणि जुन्या भाडेकरारांच्या घरांत ते उपयोगी पडतं. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून लायसन्सी असतो, आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम 24 खाली दुप्पट रकमेची भरपाई मागे लागते. शिवाय हे कलम दुरुस्तीचं आहे. ट्रॉल्या ही दुरुस्ती नव्हे, सुधारणा आहे. लायसन्सीला करारात लिहिलेलंच कामाला येतं.

आता 18,000 चं. एकदम भाड्यातून कापू नका. भाडं दरमहा पूर्ण 22,000 बँकेतून द्या. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल तर कार्यालयाला दाखवलेला आकडा आणि बँकेतला आकडा जुळायला हवा. परतफेड वेगळी ठेवा.

सगळ्यात न्याय्य पद्धत म्हणजे वस्तूचं आयुष्य ठरवून घेणं. ट्रॉल्यांना 36 महिने धरा, महिन्याला 500 होतात. तुम्ही 24 महिने राहिलात तर 12,000 चा वापर तुमचा, उरलेले 6,000 मालकाने डिपॉझिटबरोबर द्यायचे. मालकाने 14 व्या महिन्याअखेर जागा मागितली तर 22 महिन्यांचे 11,000 द्यायचे. तुम्ही लॉक-इन मोडून गेलात तर काही मिळणार नाही, हेही लिहा. मालकाला हे पटतं, कारण आज त्याच्या खिशातून काहीच जात नाही. घरभाड्याच्या उत्पन्नावर त्याला सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर खर्च केला काय आणि नाही काय. त्यामुळे पावती त्याच्या नावावर केली तर त्याचा कर वाचेल, या बोलण्यात तथ्य नाही. पावत्या तुमच्याच नावावर घ्या आणि त्यांच्या प्रती करारासोबत जोडा.

ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, ओट्याखालचे, खिडक्यांच्या ट्रॅकचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा. रंगाचं कलमही वाचून घ्या. "सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापले जाईल" असं असेल तर आता स्वतःच्या खर्चाने रंग लावून घेण्यात काही अर्थ नाही. आणि एसीचं बाहेरचं युनिट कुठे लावायचं याची सोसायटीची परवानगी मालकाच्या सहीने, काम सुरू होण्याआधी घ्या. बऱ्याच सोसायट्या दर्शनी बाजूला ब्रॅकेट ठोकू देत नाहीत, आणि जागा बदलली की वायरमन_चिंचवड यांनी सांगितलेल्या लाइनची लांबीही बदलते.