ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार देणारा तंत्रज्ञ) कोर्सआधी काय शिकून ठेवू?

भुसावळहून विचारतोय. बारावी सायन्स झालंय, ॲम्ब्युलन्सवर काम करायची फार इच्छा आहे, तर आधी कशाची तयारी करू?

जळगावकर: श्वास आणि रक्ताभिसरण पक्कं कर भो. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, हे तोंडपाठच पाहिजे, कारण नॉर्मल माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखणार कसं?

धुळ्याची ताई: सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून तोंडाने श्वास देणं, आत्ताच शीक. ३० दाब, २ श्वास, वेग मिनिटाला १०० ते १२०, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

शहादा: उष्माघात आणि सर्पदंश वाचच, आपल्याकडे लागतंच. साप चावल्यावर करकचून दोरी बांधतात अजून, ते अजिबात नको, पाय हलू न देता सरळ दवाखाना.