मदत हवी आहे: चुना दिलेल्या फायरप्लेसवरची काजळी

नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पात आमचं जुनं बैठं घर आहे. दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस, तिला आजोबांच्या काळापासून दिवाळीआधी कळीचा चुना लागतो. थंडीत नाशिकचा पारा 10 अंशांखाली गेला की आई तिथेच बसते, त्यामुळे ती बंद करणं आम्हाला जमणार नाही.

गेल्या महिन्यात मी ओल्या फडक्याने काजळी पुसली, तिथेच चुकलं. काळं पाणी विटांत मुरलं आणि तोंडाच्या वर हातभर डाग पसरला. जमिनीलगतच्या दोन थरांचे पावसाळ्यानंतर पोपडे सुटलेत. बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येते.

पेंटर ऑइल पेंट मारा म्हणतो. मला पटत नाही. चुन्यातून विटेची ओल बाहेर पडते, ऑइल पेंटखाली ती कोंडून राहील.

कोरड्या ब्रशने घासून वर दोन पातळ हात दिले तर डाग पुन्हा वर येईल का? चुन्यात डिंक घालावा की खळ? आतल्या बाजूला, जिथे जाळ लागतो, तिथे विटा उघड्याच ठेवाव्यात का? चुन्याचं काम जाणणारा गवंडी नाशिकमध्ये कुणाच्या माहितीत असेल तर नक्की सांगा.