मदत हवी आहे: ‘पेशंटशी कसं बोलायचं’ हे व्हिडिओवरून कसं शिकवू?

उपकेंद्रवाली: शुक्रवारी ट्रेनिंग आहे, आज बुधवार. वरून आलेला ४० मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले, पाहिला कोणीच नाही. त्यात एसी केबिनमधले डॉक्टर गोड बोलतात. दुसरं काय दाखवू? लवकर सांगा.

वऱ्हाडी_भाऊ: ताई, ट्रेनिंग कोनाचं हाय? अन् बोलायचं काय, ते तं सांगा!

उपकेंद्रवाली: आशा आणि एएनएम नर्सचं, आणखी कोणाचं असणार? सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट घरच्यांना सांगायचा. तालुका मारेगाव.

स्टेथोस्कोप: वाईट बातमी सांगायला ‘स्पाइक्स’ शिकवा. २००० साली कॅन्सरच्या पेशंटसाठी मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत आहे. एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉममध्ये (वर्तन, नीती आणि संवादाचा अभ्यासक्रम) संवादकौशल्य आहेच.

वऱ्हाडी_भाऊ: सर, दारात बकरी बांधलेली, मांडीवर पोट्टं. पायऱ्या कवा मोजाव त्या बाईनं?

निवृत्त_सिस्टर: खरी अडचण ‘चारात एक’ची आहे. मी एका घरी सांगितलं, दोघंही एएस (वाहक) आहात, एसएस (आजार असलेल्या) बाळाची शक्यता चारात एक. बाई म्हणाली, “मंग पहिले तीन चांगलेच निघतीन.” मी ‘समजलं ना?’ विचारलं तेव्हा मान मात्र हलवली होती! तेव्हापासून चार चिठ्ठ्या ठेवते, एकीवर फुली. काढायची, परत टाकायची, पुन्हा काढायची. दर बाळंतपणाला चारही चिठ्ठ्या डब्यात. मग विचारते, “घरी सासूबाईले काय सांगसान?” तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठत नाही. हेच तीन मिनिटांत शूट करा. आधी चुकीचं, मग बरोबर, मधे थांबवून आशांना विचारा, आता तुम्ही काय बोलाल?

स्टेथोस्कोप: व्हिडिओनं सवय लागत नाही. समोरासमोर रोलप्ले हवा.

निवृत्त_सिस्टर: मग रोलप्लेच मोबाइलवर घ्या की. स्वतःला पाहिलं की कळतं, आपण पूर्ण वेळ रजिस्टरातच बघत होतो. खऱ्या पेशंटला मात्र शूट करू नका.

गॅजेटगुरू: कॉलरचा माइक घ्या, आवाज मस्त येतो.

आशा_क्र_७: माइकले पैसे हायत, आमच्या मोबदल्याले नाहीत.

उपकेंद्रवाली: माइक नको हो! चिठ्ठ्यांचं करते, दोघी आशा तयार आहेत. एक राहिलं, पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) म्हाताऱ्या कोलामीच बोलतात.

वऱ्हाडी_भाऊ: हे आता सांगता का बापा? मंग त्या दोघींपैकी कोलामी कोनाले येते?