पर्लच्या प्रत्येक फाइलीत त्याच पाच ओळी लिहायच्या का?

शाहूपुरी_लेखनिक:
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं संगणकाचं काम बघतो. सौदे झाले की कुणाचे किती रवे (गुळाच्या ढेपा), काय दर, खर्च वजा जाता हातात किती, हे सगळं एका फाइलीत येतं आणि पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्ट त्यातून पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाच्या पावत्या, छापतात. काही स्क्रिप्ट माझ्या, बऱ्याच माझ्या आधीच्या माणसाच्या. माझ्या फाइलींत वर स्ट्रिक्ट (आधी न सांगितलेला व्हेरिएबल आला तर अडवते), वॉर्निंग्ज (संशयास्पद गोष्टींचा इशारा देते), यूटीएफ८ (देवनागरी मजकुरासाठी), फीचर (भाषेतल्या नव्या सोयींसाठी), ओपन (वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या मजकुरासाठी) अशा ओळी असतात. जुन्यांत कुठं दोनच, कुठं एकही नाही. परवा अशाच एका जुन्या फाइलीत 'दर'चं स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं निघालं. पर्लनं काही न बोलता तो रिकामा व्हेरिएबल धरला आणि कागलकडच्या एका शेतकऱ्याची पट्टी शून्य रुपयांची छापली. माणूस काउंटरवर उभा होता. हे परत होऊ द्यायचं नाही. पर्ल सुरू होताना वाचतं त्या पर्ल५ऑप्ट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सगळं एकदाच घालून ठेवलं तर चालेल का?

राजारामपुरी_७वी_गल्ली:
फाइलीत वर एकच ओळ पुरे: यूज व्ही५.३६, म्हणजे पर्लची ५.३६ आवृत्ती मागायची. स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज, से (ओळ छापणारी आज्ञा), सिग्नेचर (सबला, म्हणजे फंक्शनला, काय काय द्यायचं याची यादी) सगळं येतं.

उद्यमनगर_काका:
दादा, पर्ल५ऑप्टच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या टर्मिनलवर ते चालेल, पण रात्रीच्या पट्ट्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) निघत असतील तर क्रॉन तुमची बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही. म्हणजे दिवसा पहारा आणि रात्री दार उघडं. शिवाय त्या युजरच्या नावावर चालणाऱ्या दुसऱ्या पर्ल प्रोग्रामांनाही ते लागू होतं, ज्यांच्याशी तुमचा संबंध नाही. फाइलीला काय हवं ते फाइलीतच लिहिलेलं असावं. पुढचा माणूस फाइल उघडेल तेव्हा त्याला ते दिसलं पाहिजे.

वर सांगितलेली ओळ बरोबर आहे, पण तिच्यात एक गोष्ट येत नाही आणि आपल्याला तीच लागते: यूज यूटीएफ८. ती वेगळी लिहावी लागते. 'गूळ' या शब्दाची लांबी तिच्याशिवाय ९ येते, कारण पर्ल बाइट मोजतं. ती लिहिली की ३ येते: ग, दीर्घ उकार आणि ळ. डोळ्यांना दिसणारी अक्षरं दोनच, ती मोजायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायची खूण) बॅकस्लॅश मोठा एक्स आहे. पट्टीत गावाच्या नावापुढचे रकाने वाकडे येतात ते यामुळंच. आणि यूटीएफ८ची ओळ फक्त स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या मजकुरापुरती. फाइलीतून येणाऱ्या, प्रिंटरकडं जाणाऱ्या मजकुरासाठी ओपनची ओळ ठेवाच.

हे सगळं पर्ल आपणहून चालू का करत नाही, असं वाटेल. २०२० मध्ये पर्ल ७ जाहीर झालं होतं, त्यात या गोष्टी मुळातच चालू राहणार होत्या. मग जुने प्रोग्राम मोडतील म्हणून तो बेत मागं पडला. मला ते पटतं. तुमच्या आधीच्या माणसाच्या स्क्रिप्ट आजही चालतात त्या याच हट्टामुळं. म्हणून नवे नियम मागणाऱ्यालाच मिळतात, आणि मागायची रीत म्हणजे वर आकडा लिहिणं.

शाहूपुरी_लेखनिक:
काका, ओळ घातली तर म्हणतंय ५.३६ पाहिजे, इथं ५.३४ आहे. दुकानात उबुंटू २२.०४ आहे.

उद्यमनगर_काका:
बरोबर, २२.०४ सोबत ५.३४च येतं. २४.०४ मध्ये ५.३८ आहे. सिस्टीमचं पर्ल बदलू नका, त्यावर बाकीची कामं चालतात. पर्लब्रूनं (वेगवेगळ्या आवृत्त्यांचं पर्ल बसवायचं साधन) आपल्यापुरतं वेगळं बसवा. तोवर यूज व्ही५.३४ आणि खाली यूज वॉर्निंग्ज असं लिहा. ५.१२ पासून पुढचा आकडा स्ट्रिक्ट आणतो, वॉर्निंग्ज मात्र ५.३६ पासूनच आपोआप येतात.

पाच ओळी नकोच असतील तर दुकानाचं एक छोटं मॉड्यूल, म्हणजे बाकीच्या फाइलींनी वापरायची सामायिक फाइल, करा की. पण त्याच्या डोक्यावर यूज स्ट्रिक्ट लिहून भागत नाही. ते त्या मॉड्यूलच्या फाइलीपुरतंच राहतं. मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट नावाचं सब लिहा आणि त्याच्या आत स्ट्रिक्टचं, वॉर्निंग्जचं, यूटीएफ८चं, फीचरचं इम्पोर्ट बोलवा. दुसरी फाइल तुमचं मॉड्यूल यूज करते तेव्हा पर्ल ती फाइल कंपाइल करत असतं, त्यामुळं हे नियम तिला लागतात. फक्त, स्क्रिप्ट दुकानाबाहेर कुणाला देणार असाल तर ओळी उघड्या लिहिलेल्याच बऱ्या.

शिरोली_फाउंड्री:
आमच्याकडं जुन्या स्क्रिप्टवर ५.३६ लावताना दोन ठिकाणी अडलं, म्हणून सांगतो. ऑब्जेक्ट तयार करताना न्यू आधी आणि क्लासचं नाव नंतर लिहायची जुनी पद्धत बंद होते, बाण घालून लिहावं लागतं. आणि सबच्या नावापुढं कंसात डॉलर लिहून प्रोटोटाइप (किती गोष्टी द्यायच्या हे सांगायची जुनी रीत) दिले असतील तर पर्ल त्यांना सिग्नेचर समजतं. सिग्नेचरचा फायदा मात्र मोठा आहे: रवे दिले आणि दर द्यायचा राहिला तर प्रोग्राम तिथंच थांबतो, शून्याची पट्टी निघत नाही.

एकेक फाइल घ्या, वर ओळ घाला आणि पर्ल वजा सी देऊन तपासा. त्यानं पट्ट्या छापल्या जात नाहीत, पण स्पेलिंग चुकलेले व्हेरिएबल ओळ नंबरासकट दिसतात. यार्डात सौदे बंद असतील त्या दिवशी बसा.

शाहूपुरी_लेखनिक:
रविवारी बसतो. आधी पट्ट्यांची स्क्रिप्ट, मग बाकीच्या. मॉड्यूल तयार झालं की इथं टाकतो, काका, तेवढं नजरेखालून घाला.