संग्राहकमित्राकडून मिळालेले तिकीट नफ्याने विकावे का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या चार टपाल तिकिटांपैकी १० रुपयांचे तिकीट एका ज्येष्ठ संग्राहकांनी, माझा संच पूर्ण व्हावा म्हणून, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मला दिले होते. आता पैशांची निकड असल्याने ते दुप्पट किमतीला विकणे योग्य ठरेल का?

उत्तर (वाशी): आधी त्यांनाच मूळ किमतीत परत घेण्याविषयी विचारावे, कारण त्यांनी दिलेली सवलत तुमच्या संचासाठी होती, विक्रीसाठी नव्हे.

उत्तर (कळवा): लिलावात घेतलेल्या वस्तूवरील नफ्याला माझा आक्षेप नाही. मात्र तिकिटाची किंमत ज्यावर बरीच अवलंबून असते, तो मागचा डिंक मूळचा आहे की नंतर लावलेला, हे ठाऊक असूनही न सांगणे मी फसवणूकच मानतो.

प्रश्नकर्ता: रविवारी तिकीट घेऊन त्यांच्याकडे जातो.